मद्याचा पेला आणि चुकलेली गोळी

एप्रिल २००४ मध्ये केंद्र शासनाने एचआयव्हीबाधितांना एआरटी औषधे विनामूल्य देण्यास आरंभ केला. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालयही होते. आज बहुतेक प्रौढ रुग्णांना दिवसाला एकच गोळी पुरते. ती नियमित घेतल्यास रक्तातील विषाणू चाचणीतही दिसेनासा होतो आणि लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. इतके सोपे झालेले उपचार काहींच्या बाबतीत फसतात. त्यामागील एका कारणाविषयी आपल्या धर्मग्रामांत क्वचितच बोलले जाते. ते म्हणजे मद्य.

नशेत गोळीचा विसर पडतो, हे उघड आहे. परंतु कित्येक जण ती जाणूनबुजून टाळतात. दारू आणि औषध पोटात एकत्र आले की विष होते, असा समज सर्वदूर आहे. म्हणून शनिवारी पेला हाती घेणारा त्या दिवशीची गोळी डबीतच ठेवतो. सण लांबला की दोन-तीन दिवसांच्या गोळ्या राहतात. अशा खंडांत विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधाला दाद न देणारा बनू शकतो. त्यामुळे डॉक्टर सांगतात, मद्य घेतले तरी गोळी चुकवू नका. हा मद्यपानाचा परवाना नव्हे. कावीळ ब किंवा क असलेल्यांच्या, तसेच क्षयप्रतिबंधक आयसोनियाझिड घेणाऱ्यांच्या यकृताला मद्याने मोठा धोका संभवतो.

हा सल्ला रुग्णापर्यंत पोहोचण्यासाठी त्याने आधी खरे सांगायला हवे, आणि रागावणाऱ्यापुढे कोण खरे बोलतो?

आमच्या मते आपल्या लग्नमंडपांनीही थोडे आत्मपरीक्षण करावे. पेला नाकारणाऱ्याला आपण "का रे, काय झालं?" असे चारचौघांत विचारतो. ज्याने आपला आजार घरच्यांपासूनही लपविला आहे, त्याला या प्रश्नापेक्षा पेला सोपा वाटतो. संमतीविना कुणाची एचआयव्हीस्थिती उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. पण आग्रहाला कायदा नाही.

व्यसनमुक्तीची वाट आपल्याला अनोळखी नाही. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्यात स्थापन केलेली कृपा फाउंडेशन व्यसनाधीनता आणि एचआयव्ही या दोन्ही क्षेत्रांत कार्य करते. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांना येणाऱ्याला आडनाव विचारले जात नाही, आजारही नाही.