नुसतं ‘पॉझिटिव्ह’ नको, पट्टी दाखवा

दोस्तहो, यावेळी कविता देत नाही. संपादकानं दोनदा निरोप धाडला, पण दिवसभर धक्क्यावर पोती उचलून रात्री लिहायला बसलो की एकच शब्द कागदावर उतरतो. पॉझिटिव्ह. आधी त्याचा निकाल लावू.

किनवट तालुक्यात माझी आक्का राहते. मामाच्या पोराला दिलेली. घरातली पोर घरात राहिली म्हणून माय खूश होती. आक्काचा थोरला नऊ वर्षांचा. रांगता होता तेव्हापासून त्याच्या हातापायाची बोटं सुजायची, डोळे पिवळे व्हायचे. कावीळ उतरवणारा झाला, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन झाले. रात्र रात्र पाय धरून वरडायचा तेव्हा कुणी म्हणालं भानामती, कुणी म्हणालं संधिवात. एका डॉक्टरनं तर पोरगं शाळा चुकवतंय म्हणून आक्कालाच झापलं. मग एक दिवस शाळेत तपासणी आली. बोटाला सुई, थेंब नळीत, हातात चिठ्ठी. ‘सिकलसेल पॉझिटिव्ह’. जीप निघून गेली.

आमच्या गावात पॉझिटिव्हचा एकच अर्थ ठाऊक. एड्स. आठ दिवसांत पोराचा गिलास वेगळा झाला. कुणी केला? पाटलानं? नाही गड्यांनो, आपल्याच वस्तीनं. ज्यांच्या आज्याला हॉटेलाबाहेर फुटक्या कपात चहा मिळायचा, त्यांच्याच नातवांनी आपल्या लेकराला वेगळा गिलास ठेवला. मी नंदिग्रामनं गेलो तेव्हा तो गिलास ओसरीवर पालथा घातलेला दिसला. ते बघून मला जे वाटलं ते इथं छापण्यासारखं नाही.

आता ती नळी काय सांगते ते समजून घ्या. नळीतल्या औषधात रक्ताचा थेंब टाकतात. पाणी गढूळ झालं, मागच्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. याचा अर्थ इतकाच की रक्तात ‘एस’ नावाचं हिमोग्लोबिन आहे. ते एकट्या आईकडून आलं की आई-बाप दोघांकडून, हे नळी सांगत नाही. आणि सगळा फरक तिथंच आहे. एकाकडून आलं तर माणूस वाहक. वाहक म्हणजे रोगी नाही. तो जेवतो, खातो, राबतो. दोघांकडून आलं तर मात्र तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, लवकर फुटतात. दुखणं, कावीळ, रक्त कमी, सगळं त्यातून. एकाच चिठ्ठीवर, एकाच शब्दात, ही दोन्ही माणसं कोंबायची. ह्याला तपासणी म्हणायचं?

फरक दाखवणारी तपासणी जुनी आहे. हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस. नाव दातात अडकतं, काम सरळ आहे. लाल पेशी मिठाच्या पाण्यानं धुतात, फोडतात, आतलं हिमोग्लोबिन काढतात आणि सेल्युलोज ॲसिटेटच्या पांढऱ्या पट्टीवर त्याची बारीक रेघ मारतात. पट्टीची दोन टोकं अल्कधर्मी द्रावणात, पीएच साडेआठच्या आसपास. वीज सोडतात. तिथं हिमोग्लोबिनवर ऋण भार असतो, म्हणून ते धन टोकाकडं ओढलं जातं. भार जास्त तो पुढं. ‘एस’च्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसलेलं असतं, त्यामुळं त्याचा ऋण भार कमी, ते मागं राहतं. एका दोरानं दोन पडाव ओढले की एक मागं रेंगाळतो ना, तसं. पट्टी लाल रंगात बुडवून धुतली की पट्टे उठून दिसतात. नेहमीचं ‘ए’ पुढं, मग बाळपणाचं ‘एफ’, मग ‘एस’, अगदी मागं ‘ए-टू’. ए आणि एस असे दोन पट्टे, त्यात ए जाड : वाहक. ए नाहीच, एस ठळक आणि थोडा एफ : आजारी. माझ्यासारख्या दहावी पास माणसालाही पट्टी हातात दिली तर एवढं कळतं.

नळीला मी शिव्या देत नाही. ‘डी’ नावाचं दुसरं एक हिमोग्लोबिन ह्या पट्टीवर एसच्याच जागी येऊन थांबतं. तेव्हा नळी गढूळ होते का बघावं लागतं, नाहीतर आम्लधर्मी जेलवर पुन्हा चालवावं लागतं. पण गावोगाव नळी फिरवायची आणि पट्टी शहरात ठेवायची, हा धंदा बंद करा. बापाची नळी स्वच्छ निघाली तरी तो थॅलेसेमियाचा वाहक असू शकतो. त्याचं ए-टू मोजावं लागतं, साडेतीन टक्क्यांच्या वर आहे का ते. बाप तसा आणि आय एसची वाहक, तरी लेकरू आजारी होऊ शकतं. आता बोटाच्या थेंबावर वाहक का पीडित सांगणारे किटही आलेत, मोठ्या दवाखान्यांत एचपीएलसीचं यंत्र आलंय. येऊ द्या. यंत्र कुठलंही लावा, पूर्ण रिपोर्ट द्या.

आणि यंत्रापुढं डोकंही लागतं. भाच्याला घेऊन आम्ही शहरातल्या एका दवाखान्यात गेलो. रक्त फार कमी, म्हणून आधी बाटली चढवली, नमुना नंतर घेतला. रिपोर्टात ए पण आला, एस पण आला. ‘वाहक आहे, न्या घरी.’ आक्का रडत रडत हसली. तो ए दुसऱ्याच कुणाचा होता! रक्तदात्याचा! मधे पाच-सहा महिने गेले, पोरगं पुन्हा वरडायला लागलं. दुसऱ्या ठिकाणी एका प्रयोगशाळेतल्या पोरीनं पहिला प्रश्न विचारला : रक्त कधी चढवलंय? तिनं तिघांच्याही पट्ट्या केल्या. आक्का ए-एस. दाजी ए-एस. पोराच्या पट्टीवर ए नाहीच. नऊ वर्षांचं वरडणं त्या बोटभर पट्टीवर दिसत होतं. हायड्रॉक्सीयुरिया सुरू झालं. दुखणं पार गेलं नाही, पण कमी झालं. शाळेत जातो.

ह्या तपासणीची जन्मकथा आपल्या पोरांनी वाचावी अशी आहे. १९१० साली शिकागोत हेरिक नावाच्या डॉक्टरनं वाकड्या पेशींची पहिली नोंद छापली. रक्त होतं वॉल्टर क्लेमेंट नोएल ह्या काळ्या पोराचं, ग्रेनाडाहून दंतवैद्यक शिकायला आलेल्या. छापलेल्या नोंदीत त्याचं नाव नव्हतं. १९४९ साली लायनस पाउलिंग आणि त्याच्या साथीदारांनी विजेच्या ओढीनं दोन हिमोग्लोबिन वेगळी करून दाखवली. त्यातला हार्वे इटानो जपानी वंशाचा. १९४२ मधे अमेरिकी सरकारनं त्याला त्याच्या माणसांसकट छावणीत डांबलं होतं. आणि १९७१ मधे ब्लॅक पँथर्सनी आपल्या फुकट दवाखान्यांतून वस्त्या-वस्त्यांत सिकलसेलची तपासणी सुरू केली, सरकारनं काळ्यांच्या आजाराकडं पाठ फिरवली म्हणून. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली. नाव आपण त्यांच्याकडून घेतलं, झेप घेतली. रक्त तपासायची सुई घ्यायची राहून गेली.

पण तिकडचं पुढचंही वाचा. १९७२ साली तिथं सिकलसेलचा कायदा झाला, काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली. वाहक आणि रोगी ह्यांची गल्लत झाली आणि धडधाकट काळ्यांच्या नोकऱ्या, विमे अडले. वाहक पोरांना हवाई दलाच्या अकादमीत १९८१ पर्यंत घेत नव्हते.

म्हणून इथं छापून टाकतो : मी वाहक आहे. माझीही पट्टी केली, ए आणि एस. गोदीत पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेतो. उन्हात पाणी जास्त पितो एवढंच. मुकादमानं हे वाचलं तर वाचू दे.

आता आपल्याकडं. भारतात हा एस १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत सापडला, १९५८ मधे नागपूरकडच्या डॉक्टरांनी मध्य भारतातला छापला. विदर्भात तो महारांत आहे, कुणब्यांत आहे, तेल्यांत आहे, गोंडांत आहे. पैनगंगेच्या पलीकडं यवतमाळ, अलीकडं आमचं माहूर-किनवट. सोयरिकी नदी ओलांडून होतात, रक्तही ओलांडतं. १ जुलै २०२३ ला शहडोलला केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. १७ राज्यांतल्या आदिवासी भागांतली चाळिशीच्या आतली ७ कोटी माणसं तपासायची, २०४७ पर्यंत रोग संपवायचा. आदिवासींना हे आधीच मिळायला पाहिजे होतं. पण नांदेड-लातूरच्या भीमनगरांत कोण येणार? एस जातीचा दाखला बघून शिरत नाही. मलेरियाच्या मुलखात वाहक पोरं जास्त जगली, म्हणून तो टिकला, हे ॲलिसननं १९५४ मधे दाखवलं. आणि जातीतल्या जातीत, त्यातही मामाच्या घरात लग्नं लावून आपण दोन एस एका पाळण्यात आणतो. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ ला कोलंबियात सांगितलं होतं की जातीचं मूळ जातीतल्या लग्नात आहे. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याच्याखाली आक्काचं लग्न मामाच्या पोराशी ठरलं. मी पण पंगतीत जेवलो.

दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजारी लेकराची. एक वाहक आणि दुसरा पूर्ण ‘ए’, तर लेकरू वाहक होऊ शकतं, रोगी होणार नाही. एवढं गणित लग्नाआधी दोघांनी मांडावं. पोरीच्या पट्टीचा बोभाटा करून तिला नाकारायचं काम करणारे मात्र माझ्याशी बोलू नका.

माझा चुलतभाऊ लातूरला नीटच्या क्लासला आहे. त्याला फोनवर विचारलं तर धाडदिशी म्हणाला, ‘दादा, सहावी जागा, ग्लुटामिकच्या जागी व्हॅलिन, हमखास येतो हा प्रश्न.’ मी म्हणालो, तुझी पट्टी केलीस का? गप्प. त्यानं बिचाऱ्यानं उत्तराला गोल केला होता, स्वतःच्या बोटाला सुई लावली नव्हती. शेवटी केली. तोही वाहक. होस्टेलात कुणाला सांगू नको म्हणाला. ज्या लातुरात २०१६ मधे पिण्याचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं, तिथं आजारी पोरांना डॉक्टर सांगणार भरपूर पाणी प्या! अंगातलं पाणी कमी झालं की पेशी जास्त वाकतात, हे त्या नळावरच्या रांगेला कुणी सांगितलं होतं?

तर नांदेड, लातूरच्या पोरांनो, मोर्चा काढायचा तर कागदावर हे लिहा : तालुक्याच्या दवाखान्यात नमुना घ्या, जिल्ह्यात तपासा, पूर्ण रिपोर्ट माणसाच्या हातात आणि त्याच्या भाषेत द्या. रक्त चढवण्याआधी नमुना घ्या. आजारी आहे त्याला २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचा दाखला मिळू शकतो, तो द्या. वाहकाला वाहक म्हणा.

आक्काला चार महिन्यांपूर्वी पोरगी झाली. एवढ्या लहान लेकराच्या रक्तात एफच जास्त असतं, पट्टी नीट वाचता येत नाही. प्रयोगशाळेतली पोरगी म्हणाली, आत्ता एकदा बघू, वर्षाची झाली की पक्की करू. भिंतीवरच्या कॅलेंडरात ती तारीख बसत नाही, म्हणून आक्कानं भिंतीवरच कोळशानं लिहून ठेवलीय. मुकादमाला मी आत्ताच सांगून ठेवलं. बिनपगारी, म्हणाला.