सुरमई वाढू द्यावी, मग धरावी

कोकण किनाऱ्यावर चैत्र-वैशाखात सकाळचा समुद्र बहुधा शांत असतो. अशा दिवसांत खोल पाण्यात गळाने धरावयाचा उत्तम मासा म्हणजे सुरमई. मालवणकडे हिलाच इसवण म्हणतात. तारलीसारख्या लहान माशांच्या थव्यांचा ती वेगाने पाठलाग करते. चालत्या होडीमागे आमिष ओढत नेले म्हणजे ती त्यावर झडप घालते. तिचे दात धारदार असल्याने साधा दोर तुटतो. म्हणून गळाला प्रथम तार जोडून मग दोर बांधावा.

गळाला लागलेला मासा एकेक करून वर येतो. लहान असल्यास त्याला तत्काळ पाण्यात सोडता येते. बारीक आसाच्या जाळ्यात ही निवड राहत नाही. जाळे वर येईपर्यंत पिल्ले बहुधा मेलेली असतात. सुरमईची मादी साधारणतः ७० सेंटिमीटर लांबीच्या सुमारास प्रथम अंडी घालते. त्यापूर्वीच ती बाजारात गेली, तर पेरणीसाठी राखलेले बियाणे दळून खाल्ल्यासारखेच होय.

“आपण सोडलेला मासा दुसरा धरील, मग तोटा आपण का सोसावा?” असा प्रश्न कोळी बांधव विचारतात. तो रास्त आहे. परंतु हिशेबही पाहावा. ४० सेंटिमीटरची सुरमई सुमारे अर्धा किलो भरते. ७० सेंटिमीटरची अडीच किलोच्या आसपास. एकट्याने संयम पाळून हा लाभ पदरात पडणार नाही, हे खरे. म्हणूनच तो नियम साऱ्या बंदराने एकमताने पाळावयास हवा. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी धरावयाची किमान लांबी ठरवून दिली आहे. ती शेवटची मर्यादा समजावी. शक्य तेथे मासा त्याहून मोठा होऊ द्यावा.

मासा मोठा असला तरी उन्हात ठेवल्यास मोल जाते. सुरमई बांगड्याच्या कुळातील आहे. या कुळातील मासे उष्णतेत राहिले, तर त्यांत हिस्टामिन नावाचे विषारी द्रव्य तयार होते व शिजवूनही ते नाहीसे होत नाही. यास्तव मासा धरताच आतडी काढावी, स्वच्छ पाण्याने धुवावे आणि माशाच्या वजनाइतका बारीक फोडलेला बर्फ थरांथरांनी घालावा. बर्फावर होणारा खर्च वाया जात नाही.

यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्यापूर्वीचे अखेरचे दिवस साधण्याच्या घाईत वादळी वाऱ्याची सूचना डावलू नये.

ग्रामसेवकांनी मच्छीमार सहकारी संस्थेच्या सभेत हा विषय मांडावा, मोजपट्टी होडीवर ठेवण्याचा आग्रह धरावा आणि बर्फाची सोय संस्थेमार्फत करण्याचा विचार व्हावा. राखील तो चाखील ही म्हण तळ्याइतकीच समुद्रालाही लागू आहे.