वजाबाकी कुठं करायची?

बालमित्रांनो,

मी चौथीत होतो तेव्हाची गोष्ट. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हैदराबाद दाखवायचं कबूल केलं होतं. कापसाचे पैसे आले. दादांनी डबा उघडून मोजले, तर एक पूर्ण तिकीट आणि आम्हा भावंडांची दोन अर्धी, एवढंच बसत होतं. माय म्हणाली, "तुमी जाऊन या. गुरायला कोण बघंल?"

आम्ही मजेत फिरून आलो. मायसाठी लाड बाजारातून लाखेच्या बांगड्या आणल्या. गुरं काय, शेजारच्या काकांनीही बघितली असती! माय तिकिटाच्या पैशांसाठी मागं राहिली, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ठरवलं, मायला हैदराबाद दाखवायचंच. दादा हसून म्हणाले, "मी बघितलंय. या खेपेला गुरं माझ्याकडं."

तुम्ही विचाराल, आपली राजधानी तर मुंबई, मग हैदराबाद का? एक तर उमरीहून ते मुंबईपेक्षा कितीतरी जवळ, आणि रेल्वे सरळ तिकडं जाते. शिवाय १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. म्हणजे तुमच्या पणजोबांची राजधानी हैदराबादच! १९५६ साली आपण त्या राज्यातून वेगळे झालो. २०१४ पासून ते शहर तेलंगणाची राजधानी आहे.

मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. माझी मुलगी चौथीत, मुलगा सहावीत. कागदावर सगळ्यात वर लिहिलं, 'माणसं पाच'. आणि नियम केला : पैसे कमी पडले तर काहीही वजा करा, माणूस वजा करायचं नाही.

काय काय वजा झालं बघा. आरक्षणाचा डबा गेला, जनरलचं तिकीट आलं. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना त्यात अर्धं तिकीट लागतं. हॉटेलाऐवजी स्टेशनजवळची धर्मशाळा. दोन दिवसांचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच. रिक्षा काटली, सिटी बस लिहिली. चारमिनार आणि गोवळकोंडा इथं पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं, तेही पैसे वाचले. हुसेनसागरातला बुद्धाचा अखंड दगडी पुतळा १९९२ साली उभारलेला. तो काठावरून फुकटच दिसतो!

चारमिनार १५९१ साली मुहम्मद कुली कुतुबशहानं बांधला. जवळच मक्का मशीद, पलीकडं लाड बाजार. मायनं तिथं बांगड्या स्वतः निवडून घेतल्या. तिथून सालारजंग संग्रहालय चालत जाण्याइतकं. (शुक्रवारी मात्र ते बंद असतं बरं का!) तिथलं घड्याळ भारी आहे. दर तासाला आतून एक छोटा माणूस बाहेर येतो आणि घंटेवर टोले देतो. दुपारचे बारा वाजत आले तसे आम्ही बाकावर जागा धरली. मायनं मोठ्यानं मोजले, "धा, अकरा, बारा!"

बाहेर आल्यावर तिचे गुडघे भरून आले. मग रिक्षा केली. मुलीनं वहीत लिहिलं, 'आजीची रिक्षा, गरजेची.'

गोवळकोंड्याच्या फतेह दरवाजाखाली टाळी वाजवली, की जवळजवळ एक किलोमीटरवर, वर बालाहिसारपर्यंत ऐकू जाते. शत्रू आला की इशारा द्यायची ही युक्ती. मायला एवढ्या पायऱ्या चढवेनात. ती म्हणाली, "मी इथंच बसून टाळी वाजविते. तुमी वर जाऊन ऐका." मुलांची आई तिच्याजवळ थांबली. वर गेल्यावर आम्ही कान टवकारले. खाली शंभर जण टाळ्या वाजवत होते. तरी पोरगा ओरडला, "ती बघा, आजीची टाळी!" मी काही वाद घातला नाही.

परतताना बासरच्या अलीकडं गोदावरीचा पूल आला. मायनं हात जोडले आणि कमरेच्या पिशवीतून नाणं काढून पाण्यात टाकलं. मुलीनं लगेच वही उघडली. "आजी, हे हिशोबात लिहू?"

"नको गं बाई," माय म्हणाली, "ते माझं मी साठविलेलं हाय."

पालकहो, पैसे कमी आहेत हे मुलांपासून लपवू नका. हिशोब त्यांच्या हाती द्या. मुलं हट्ट कमी करतात आणि युक्त्या जास्त काढतात, हे मी वर्गातही बघितलंय.

आणि मित्रांनो, आता तुमचं काम. एक कागद घ्या. आधी घरातल्या माणसांची नावं लिहा, मग ठिकाणं, मग खर्च. बेरीज जास्त झाली तर खालून काटत या. वरच्या नावांना हात लावायचा नाही. आणि कुणी म्हणालं, "मला नाही यायचं, तुम्ही जा," तर एकदा नीट विचारा, खरंच यायचं नाही का?

तुमचे,
उमरीचे गुरुजी