कुत्र्यावर नजर दहा दिवस. लस मात्र आजच

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हाती घेतला तो जुलै 2025 अखेर. 11 ऑगस्टला दिल्ली परिसरातले सगळे भटके कुत्रे निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश निघाला. 22 ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलला आणि निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्र्यांना मूळ जागी सोडण्यास मुभा दिली; रेबीजग्रस्त, संशयित आणि आक्रमक कुत्रे त्यातून वगळले. 7 नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके अशा ठिकाणांहून पकडलेले कुत्रे पुन्हा तिथेच सोडू नयेत, असेही सांगितले. उपनगरांतल्या सोसायट्यांच्या सभांत वाद रंगतो तो यावरच: कुत्रे ठेवायचे कुठे? रेबीजने जीव जातो की वाचतो, हे मात्र बहुतेक वेळा वेगळ्याच ठिकाणी ठरते. ते ठरते चावा आणि पहिले इंजेक्शन यांच्या मधल्या वेळेत.

2024 मध्ये देशात श्वानदंशाच्या 37 लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या, त्यातल्या सुमारे 4 लाख 85 हजार महाराष्ट्रातल्या. रेबीजचे संशयित मृत्यू मात्र अवघे 54. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सर्वेक्षणावर आधारलेला अंदाज वर्षाला सुमारे 5,700 मृत्यूंचा आहे. एवढी तफावत असताना 54 या आकड्यावर निर्धास्त राहणे शहाणपणाचे नाही.

सर्वाधिक गैरसमज आहे तो 'दहा दिवसां'बद्दल. विषाणू कुत्र्याच्या मेंदूपर्यंत पोहोचल्यावर लाळेत उतरतो, आणि त्यानंतर जनावर साधारण दहा दिवसांच्या आत मरते. म्हणून चावलेला कुत्रा किंवा मांजर दहाव्या दिवशीही धडधाकट असेल, तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, असे मानता येते आणि डॉक्टर उरलेल्या मात्रा थांबवू शकतात. नियम एवढाच. तो लस थांबवण्यासाठी आहे, लांबवण्यासाठी नाही. 'कुत्रा मरतो का बघू, मग जाऊ' हा त्याचा उलटा अर्थ जिवावर बेततो. शिवाय हा नियम दारात बांधलेल्या कुत्र्याला लागू पडतो. अंधेरी स्टेशनबाहेर संध्याकाळच्या गर्दीत चावून पसार झालेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर कोण ठेवणार? तिथे पूर्ण कोर्स हाच मार्ग.

कानाच्या टोकाला काप असलेला कुत्रा 'सुरक्षित' असतो, हाही असाच भ्रम. त्या खुणेचा अर्थ कधीतरी निर्बीजीकरण झाले आणि त्या वेळी लस टोचली, एवढाच. लसीची मात्रा दरवर्षी द्यावी लागते; ती मिळाली की नाही, हे कान सांगत नाही. घरच्या लसवंत कुत्र्याने चावा घेतला तरी डॉक्टरांना दाखवायलाच हवे. आणि पाळीव जनावरालाच संशयित कुत्रा चावला, तर जखम धुऊन त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे, पुन्हा लस द्यावी आणि त्याला वेगळे ठेवावे. रेबीजची दाट शक्यता असलेल्या भटक्या कुत्र्याला नैसर्गिक मृत्यू येईपर्यंत वेगळे ठेवण्याची तरतूद 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत आहे. चावलेल्या माणसाला मात्र विलगीकरण लागत नाही. त्याला लागते साबण, नळ आणि सुई.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. हळद, मिरची, चुना काहीही लावायचे नाही. रक्त आले असेल तर लसीसोबत जखमेत आणि भोवती रेबीजविरोधी सीरम टोचावे लागते, कारण लसीने प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडाभर तरी जातो. हीच कडी सर्वाधिक निसटते; दंडात इंजेक्शन मिळाले की माणूस समाधानाने घरी जातो. चौकशी करायची ती सीरमची. पोटात चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून अनेकांच्या मनात आहे. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस भारतात 2004 च्या अखेरीस बंद झाली. आता त्वचेत 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी किंवा स्नायूत पाच वेळा लस देतात. पालिकेच्या रुग्णालयांत ती मोफत आहे.

मुंबईत भटके कुत्रे सुमारे 90 हजार असल्याचा पालिकेचा अंदाज आहे. बोरिवली आणि मुलुंडच्या बाजूला त्यांचा एक हिशेब बिबटेही ठेवतात: राष्ट्रीय उद्यानातले बिबटे कुत्रे खात असल्याने वर्षाला हजारभर चावे टळत असावेत, असा अंदाज 2018 च्या एका अभ्यासाने मांडला होता. पण बिबट्याच्या भरवशावर आरोग्ययंत्रणा चालत नाही. गोव्याने चालवली ती लसीकरणावर. दरवर्षी 70 टक्के कुत्र्यांना लस हे उद्दिष्ट ठेवून काम झाले आणि 2021 मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले. कुत्रे तिथेही रस्त्यावरच होते.

पूर्वी पूर्ण कोर्स घेतलेल्याला पुन्हा चावा झाला, तर दोनच मात्रा पुरतात, 0 आणि 3 व्या दिवशीच्या, आणि सीरम लागत नाही. त्यासाठी रुग्णालयाचा जुना कागद दाखवावा लागतो. तो जपून ठेवलेला बरा.