डोक्यावरचें वस्त्र आणि परवानगीचा कागद

अमेरिकेंतील ओहायो राज्यांत आक्टोबर २०१९ मध्यें शाळांच्या जिल्हा शर्यतींत एक सोळा वर्षांची मुसलमान मुलगी पांच किलोमीटर धांवली. निकालाच्या यादींत मात्र तिचें नांवच नाहीं! कारण काय, तर डोक्यास हिजाब होता आणि त्यासाठीं लागणारा परवानगीचा कागद आधीं भरला नव्हता. त्याच हंगामांतील आधींच्या शर्यतींत कोणी हरकत घेतली नव्हती, हें विशेष.

धांवतांना डोक्यावरील फडक्यानें दुसऱ्या कोणास इजा होते, हें आम्हांस कोणी समजावून देईल काय? टांचणी नको, गळ्यास फास बसेल अशी गांठ नको, हें आम्हांस मान्य आहे. पण नुसत्या एकसारखेपणासाठीं पोरीची मेहनत पुसणें म्हणजे मैदानावर नवें सोवळें मांडणें होय. बिशनसिंग बेदी पटका बांधूनच गोलंदाजी करीत. फुटबॉलच्या नियमकर्त्यांनीं २०१४ सालीं व बास्केटबॉलच्या जागतिक संघानें २०१७ सालीं असली बंदी उठविली. खेळ कांहीं बुडाले नाहींत.

आम्ही ना भटाचे वकील, ना मुल्लाचे. मुलीच्या डोक्यावर वस्त्र बळेंच घालणारा आणि बळेंच ओढणारा, दोघेही आम्हांस सारखेच. परंतु कागद राहिला तर जाब मोठ्या माणसांस विचारावा. पोरीची धांव कां खोडावी? ओहायोनें २०२२ सालीं कायदा केला : खरा धोका असेल तेवढीच मनाई. आपल्या तालुक्याच्या क्रीडासमित्यांनींही पुढील सामन्यांपूर्वीं आपलें नियमपुस्तक एकदां उघडून पाहावें.