जिन्नाला सोडा, अँकरला धरा

माझ्या भाच्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी गेल्या महिन्यात एक बेत आखला. टीव्हीच्या जुन्या मालिका लावायच्या, समोर बसून त्यांच्यावर मोठमोठ्याने शेरेबाजी करायची, ती रेकॉर्ड करायची आणि लोकांना ऐकवायची. यादी तयार होती. पहिलं नाव ‘अलिफ लैला’. मग ‘चंद्रकांता’, ‘शक्तिमान’, ‘झी हॉरर शो’. आणि वहीच्या कोपऱ्यात, पुढे प्रश्नचिन्ह टाकून, टिपू सुलतान.

“मामू, कैसी है लिस्ट?”

मी म्हणालो, भित्र्यांची यादी आहे. तो अजून थोडा फुगलेला आहे, म्हणून जे तोंडी नीट सांगता आलं नाही ते इथे लिहितो.

थट्टेला माझा विरोध नाही. मी ज्या घरात वाढलो तिथे टीव्ही कधी गप्प बसून पाहिलाच गेला नाही. लातूरला आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता, अँटेना गच्चीवर, आणि समोर दादी. ‘अलिफ लैला’ सुरू झाली तेव्हा मी शाळेत होतो. बाटलीतून धूर निघायचा, शिंगंवाला जिन्न गडगडाट करत उभा राहायचा, आणि दादी आधी डोक्यावर पदर घ्यायची, आयतुल कुर्सी पुटपुटायची, पडद्याच्या दिशेने फुंकर मारायची. हे उरकलं की मग त्याच्याशी बोलायला लागायची. “इत्ता बड्डा हुआ, कामधंदा कुछ है क्या नै?” जिन्नाने हुकूम विचारला की म्हणायची, “पयले नल कू पानी ला बोलो उसकू.” (पुढे २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. दादी तेव्हा नव्हती. असती तर जिन्नाला उशीर झाला म्हणाली असती.) आणि हो, मी जिन्न लिहितोय, जिन्ना नाही. काळ असा आहे की खुलासा केलेला बरा.

तर भाच्याचा बेत आमच्या घरात तीस वर्षांपूर्वीच होऊन गेलेला आहे, तोही फुकट. फरक एवढाच की दादी त्या जिन्नाला घरातलाच एक निकम्मा पोरगा समजून बोलायची. ही मुलं त्याच्या चिकटवलेल्या दाढीला हसणार आहेत. त्या काळी ना आजच्यासारखे संगणक होते, ना पैसा. धूर, दोरा, आरसा आणि एकावर एक चढवलेली चित्रं यांवर बगदाद उभं करायचं होतं. त्याला हसणं म्हणजे जत्रेतल्या सोंगाड्याच्या फाटक्या कपड्याला हसणं. दोन मिनिटं मजा येते, नंतर आपलीच लाज वाटते.

‘अलिफ लैला’त हसण्यासारखं दुसरंच काही होतं, ते यादीत नाही. ती मालिका रामानंद सागरांची. ज्या घरातून ‘रामायण’ आलं त्याच घरातून ही आली. पण गल्लीत ‘रामायण’ लागलं की नुसतं “लागलं”, आणि ‘अलिफ लैला’ लागली की “तुमची मालिका लागली”. वर्गातला एक मुलगा मनापासून विचारायचा, तुमच्यात असे जिन्न घरी येतात का? आणि आमच्यातले काही बुजुर्ग तेवढ्याच मनापासून रागावलेले, की आपल्या तहजीबची नाचक्की चाललीय. दोन्ही बाजूंनी पक्कं ठरवलेलं, की हे ‘मुसलमानांचं’ आहे. आता त्या पुस्तकाची कुंडली काढा. मूळ अरबी नावातला पहिला शब्द ‘अल्फ’, म्हणजे हजार. आपल्याकडे उर्दूत त्याचा वर्णमालेतला ‘अलिफ’ कधीच होऊन बसला होता, मालिकेने फक्त तो उचलला. कथांमध्ये भारतातल्या आहेत, इराणातल्या आहेत, बगदाद आणि कैरोच्या आहेत. अल्लाउद्दीन आणि अलीबाबा तर जुन्या अरबी हस्तलिखितांत नाहीतच. अठराव्या शतकात अंतोआन गालाँ नावाच्या फ्रेंच माणसाने ते घातले, हलबच्या हन्ना दियाब या ख्रिस्ती तरुणाच्या तोंडून ऐकून. त्यातही अल्लाउद्दीनची गोष्ट चीनमध्ये घडते. इतक्या हातांतून आलेल्या मालाला “तुमची” म्हणणारे शेजारी आणि “आमची बदनामी” म्हणणारे चाचा, यांना समोरासमोर बसवून शेरेबाजी करा. मी स्वतः चहा करून देतो.

आता ते प्रश्नचिन्ह. टिपू सुलतानच्या मालिकेला हसायचं की नाही? भाच्याच्या एका मित्राच्या वडिलांनी बजावलं, की त्याला हात लावायचा नाही, आपल्या माणसाची मालिका आहे. मी म्हणतो, खुशाल हसा. टिपू म्हणजे संजय खान नव्हे. असल्या मालिकांत इंग्रज वाकडंतिकडं हिंदी बोलतात, दरबारात कुणालाही साधं वाक्य बोलता येत नाही, सगळे भाषणंच करतात. याला हसल्याने श्रीरंगपट्टणला लढता लढता मेलेल्या माणसाचं काहीही कमी होत नाही. एका गोष्टीला मात्र हसायचं नाही. ८ फेब्रुवारी १९८९ ला म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत या मालिकेच्या सेटला आग लागली, साठहून अधिक माणसं जळून मेली, संजय खान स्वतः भयंकर भाजले. ते सोडून बाकी सगळं मोकळं आहे.

आणि सगळ्यात मोठा विनोद तर मालिकेच्या सुरुवातीलाच आहे. मालिका भगवान गिडवाणींच्या कादंबरीवर. ती दूरदर्शनवर दाखवायची की नाही यावर मोर्चे, अर्ज, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि अखेर प्रत्येक भागाला एक निवेदन चिकटलं. त्याचा मथितार्थ असा, की ही कल्पित कथा आहे, टिपू सुलतानच्या आयुष्याशी किंवा राज्याशी तिचा काहीएक संबंध नाही. म्हणजे नाव टिपूचं, तलवार टिपूची, गाव टिपूचं, फक्त टिपूशी संबंध नाही. अब्बा दर वेळी ती पाटी मोठ्याने वाचायचे आणि म्हणायचे, “अच्छा, फिर ये कौन है? पडोसी?” आज बघावं त्या मालिकेवर अशी पाटी असते, कुणी वाचतही नाही. तेव्हा तिचं नवल होतं, आणि आमच्या घरात तिचा अर्थ सगळ्यांना न सांगता कळला होता.

इथे ‘महाभारता’चं नाव घेतलं पाहिजे, कारण मुलांनी ते भीतीने यादीत घेतलेलं नाही आणि मीही त्यांना घ्या म्हणणार नाही. हवेत दोन बाण समोरासमोर येऊन थांबतात, एकमेकांकडे बघतात, हे आठवून कुणाला हसू येत नाही? पण त्या मालिकेचे संवाद राही मासूम रझांनी लिहिले, अर्जुन फिरोज खानने केला, आणि देश त्या संवादांवर मान डोलवत बसला. तो विषय थट्टेचा नाही, स्वतंत्र लेखाचा आहे.

मुलांच्या यादीतला खरा भित्रेपणा मला दिसतो तो मराठी ऐतिहासिक मालिकांबाबत. एकही नाव नाही. का नाही, ते मला माहीत आहे. पुण्यात होस्टेलला असताना मेसमध्ये रात्री टीव्ही लागायचा. अशाच एका मालिकेत मोगल सरदार कोंबडीची तंगडी फाडत बसला होता, डोळ्यांत हे एवढं काजळ, मागे तो ठरलेला भेसूर आलाप. त्या दिवशी त्याच्या एका डोळ्याचं काजळ गालापर्यंत ओघळलं होतं. सगळी मेस हसली, मीही हसलो. माझ्या शेजारचा मित्र, चांगला मित्र, थांबला आणि म्हणाला, “तू कशाला हसतोयस?” रागाने नव्हे, खरोखर न कळून. मी त्यांच्यासारखाच काजळाला हसत होतो. पण माझ्या हसण्याला आधी कारण दाखल करावं लागणार होतं. कुणाला हसतोय, का हसतोय, हसता हसता महाराजांच्या दिशेने तर नजर गेली नाही ना. मी म्हणालो, काही नाही. तेव्हापासून अशा मालिका मी घरीच पाहतो, आवाज कमी करून. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात पोरांच्या मोबाइलवरच्या स्टेटसवरून काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. म्हणून भाच्याला “कर” म्हणण्याची माझी हिंमत नाही. भित्रेपणाचा आरोप त्याच्यावर ठेवताना अर्धा माझ्या खात्यावर घेतो.

तरी एक शेरा इथे मारून ठेवतो, कारण तो कुणाच्याही श्रद्धेला लागत नाही, फक्त आळसाला लागतो. या मालिकांतला विजापूरचा दरबार कोणती भाषा बोलतो? लखनवी. “तशरीफ”, “नाचीज”, “गुस्ताखी माफ”. सतराव्या शतकातलं विजापूर! जिथे दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाने ‘किताब-ए-नौरस’ दख्खनीत रचलं, नुसरतीने ‘अलीनामा’ दख्खनीत लिहिलं, जिथल्या महसुलाचे कागद मराठीत निघत. तो दरबार खरा दाखवायचा तर सरदारांनी माझ्या दादीसारखं बोललं पाहिजे. “कायकू”, “नक्को”, “हौ”. पण तसं झालं तर पंचाईत आहे. “नक्को” म्हणणारा माणूस परका वाटत नाही. लातूर, सोलापूर, उस्मानाबादच्या प्रेक्षकाला तो बाजारात भेटलेला असतो. खलनायक दुरून यावा लागतो, म्हणून त्याला लखनौची भाषा, इराणी कालीन आणि कुठलंच नसलेलं काजळ. आणि महाराजांच्या बाजूचे सिद्दी हिलाल, दौलतखान, नूरबेग? ते येतात, मुजरा करतात, दोन वाक्यं बोलतात, जातात. त्यांचं घर, त्यांची बायको, त्यांची ईद कधी कुठल्या भागात दिसली असेल तर मला कळवा, मी जाहीर माफी मागेन. मराठी बोलणारा, मराठीत भांडणारा, मराठीत उधारी मागणारा मुसलमान मराठी टीव्हीवर मला तरी क्वचितच भेटला. त्यापेक्षा हिंदीत १९८६ च्या ‘नुक्कड’मधला कादरभाई बरा. हॉटेल चालवायचा, गिऱ्हाइकांवर खेकसायचा, देशासाठी गोळी खाऊन मरायचं त्याच्यावर कुठलंही बंधन नव्हतं.

आता माझी यादी. तिच्यात एकच प्रकार आहे: एप्रिल २०२० मधल्या बातम्यांच्या वाहिन्यांवरच्या चर्चा.

तो आठवडा आठवा. २८ मार्चला दूरदर्शनने लॉकडाऊनसाठी ‘रामायण’ पुन्हा सुरू केलं, जुन्या मालिका एकेक करून परत यायला लागल्या, आम्ही घरात खूश. दोन-तीन दिवसांत निजामुद्दीनच्या मरकजची बातमी आली, आणि रिमोटच्या एका बटनावर जुना जिन्न, दुसऱ्यावर नवा. नव्याला शिंगं नव्हती. दाढी, टोपी, मागे लाल रंगात फिरणारा विषाणू, आणि सहा चौकोनांत सहा माणसं एकदम ओरडणारी. अब्बा आयुष्यभर एसटीत क्लार्क होते, जमातीत एकदाही गेले नाहीत. दिल्ली त्यांनी पाहिली ती सहलीच्या वेळी. त्यांना कॉलनीतून फोन आला, “तुमच्याकडे दिल्लीहून कुणी आलंय का?” भाजीवाल्याने गल्लीत यायचं बंद केलं. अम्मी टीव्हीसमोर बसून राहायची, पण बोलायची नाही. आमच्या घरात टीव्ही शेऱ्याशिवाय पाहिला गेला तो तेवढाच महिना.

पुढे २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जमातीच्या परदेशी सदस्यांवरचे गुन्हे रद्द केले. वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर मोठा अपप्रचार झाला, या लोकांना बळीचा बकरा केलं गेलं, असं निकालात स्वच्छ लिहिलं. डिसेंबरमध्ये दिल्लीच्या न्यायालयाने ३६ परदेशी नागरिकांना निर्दोष सोडलं. जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ७० भारतीयांवरची प्रकरणं रद्द केली. पाच वर्षं! त्या रात्री मी वाहिन्या फिरवत बसलो. लाल रंगात काहीही फिरत नव्हतं.

भाचा म्हणाला, “मामू, पर वो पुराना टीवी थोडी है.” का नाही? आज लावून बघा. तो ढणढणाट, पडद्यावर उसळणाऱ्या ज्वाळा, बोट रोखून “देश जानना चाहता है” छापाचा पवित्रा. पाच-सहा वर्षांत त्याच्यावर ‘झी हॉरर शो’पेक्षा जास्त धूळ बसली आहे. शिवाय ‘झी हॉरर शो’ पाहून कुणी भाजीवाला गल्ली बदलत नव्हता. निषेध करून झाले, पत्रं लिहून झाली, निकाल आले. त्या क्लिपा अजून तिथेच आहेत, कुठल्याही पाटीविना. कल्पित कथा असल्याचं निवेदन ज्यांना खरोखर चिकटायला हवं होतं, त्यांनाच ते कुणी चिकटवलं नाही. ते काम मुलांनी करावं असं मला वाटतं. जिन्नाला सोडा, त्याने कुणाचं वाकडं केलं नाही.

मागच्या रविवारी मी आणि भाच्याने अशी एक चर्चा लावली. अम्मी शेजारी वाटाणे सोलत होती. पहिली दहा मिनिटं जमलंच नाही. भाच्याने दोन विनोद करून पाहिले, पडले. मलाही तो फोन आठवत होता. बंद करूया म्हणून मी रिमोट शोधत होतो, तेवढ्यात अँकरने टेबलावर हात आपटला, गळ्याच्या शिरा फुगवून काहीतरी किंचाळला आणि त्याला खोकला आला.

अम्मीने मान वर केली. “इसका टेस्ट कराओ रे कोई पयले,” ती म्हणाली, आणि पुन्हा वाटाणे सोलायला लागली.