फीत राहिली, पण वाचणार कशी?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कपाटात जुन्या फ्लॉपी किंवा ध्वनिफिती पडून असतील. त्या नीट ठेवल्या म्हणजे त्यांतील माहिती सुरक्षित राहिली, असे आपण समजतो. माझ्या मते ही समजूत चुकीची आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या शास्त्रज्ञांनी बांधलेला 'टिफरॅक' हा संगणक १९६० साली पूर्णपणे सुरू झाला. त्याची स्मृती जेमतेम १० किलोबाइट होती. त्याला आज्ञा दिल्या जात त्या भोके पाडलेल्या कागदी फितीने. भोके डोळ्यांना दिसतात. परंतु त्यांचा अर्थ सांगणारी सारणी हरवली, तर ती फीत म्हणजे नुसता कागद!

चुंबकीय फितीवर तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. तिच्यावरील सूक्ष्म कणांचे चुंबकन कोणत्या दिशेला आहे, हे ओळखायला योग्य यंत्रच लागते. शिवाय ते कण धरून ठेवणारे द्रव्य दमट हवेत खराब होऊन चिकट बनू शकते. आपल्या मारेगावचा पावसाळा कपाटातल्या फितीला सोडत नाही.

'नासा'च्या लूनार ऑर्बिटर यानांनी १९६६-६७ मध्ये चंद्राची छायाचित्रे पाठविली. त्यांच्या फिती होत्या. पण त्या वाचणारी अवजड यंत्रे उरली, ती नॅन्सी इव्हान्स यांनी ती वर्षानुवर्षे आपल्या गॅरेजमध्ये सांभाळली म्हणून. २००८ साली त्यांतून एक यंत्र दुरुस्त झाले आणि चंद्राजवळून टिपलेले पृथ्वीचे चित्र पूर्वीपेक्षा कितीतरी स्पष्ट मिळाले. उलट, अपोलो-११ च्या मूळ फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष 'नासा'ला २००९ साली काढावा लागला.

"सगळी जुनी यंत्रे ठेवायला जागा कोठून आणायची?" असे तुमचे शिक्षक विचारतील. प्रश्न रास्त आहे. सगळी ठेवू नका. परंतु यंत्र भंगारात देण्यापूर्वी त्यावरील माहितीच्या दोन प्रती करा आणि ती कोणत्या पद्धतीने साठविली आहे, ते कागदावर लिहून ठेवा. मात्र वर्षानुवर्षे बंद असलेला संगणक एकदम विजेला जोडू नका. त्यातील जुनी धारित्रे फुटू शकतात. जाणकाराकडून आधी तपासून घ्या.

या सुट्टीत शिक्षकांबरोबर ते कपाट उघडाच. आज जे वाचता येते, ते आजच वाचून ठेवणे हे आपले काम आहे.